डिझेल गाडीचं पिकअप गेलंय, काळा धूर येतोय? इंजिन खोलण्याआधी ईजीआर व्हॉल्व्ह बघा

घाट चढताना गाडी कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी चालते. सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरतं. ॲक्सिलरेटर दाबला की मागे काळ्या धुराचा लोट उठतो. ॲव्हरेज उतरलेलं असतं आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेला असतो.

दहा-पंधरा वर्षं जुनी डिझेल गाडी ज्यांच्या दारात आहे, त्यांना यातलं काहीतरी नक्कीच ओळखीचं वाटेल. अशी गाडी गॅरेजला नेली की साधारण तीन सल्ले मिळतात.

पहिला सल्ला, "इंजिनचं काम काढावं लागेल."

दुसरा, "विकून टाका, डिझेलचे दिवस गेले आता."

आणि तिसरा, "ईजीआर बंद करून टाकू. मध्ये एक पत्रा मारला की विषय संपला."

पहिल्यात हजारो रुपये जातात. दुसऱ्यात धडधाकट गाडी पडत्या भावात जाते. तिसरा सल्ला सगळ्यात स्वस्त वाटतो, पण तो बेकायदा आहे आणि त्याचा त्रास आजूबाजूच्या लोकांच्या फुप्फुसांना होतो.

चौथा पर्याय मात्र फार कमी वेळा सुचवला जातो. तो म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह काढून नीट साफ करणं. दरवेळी तोच आजार असतो असं नाही. पण तो असेल, तर अर्ध्या दिवसाच्या कामात गाडी पुन्हा मार्गावर येऊ शकते.

हे ईजीआर काय असतं, ते का तुंबतं आणि साफ कसं करतात, हे एकेक करून पाहू.

एवढ्या जुन्या डिझेल गाड्या आल्या कुठून?

जून २०१० मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलचे दर बाजारावर सोडले. डिझेलचे दर मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारच्याच हातात होते. त्यामुळे दोघांच्या दरात मोठी दरी पडली. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या पुढे गेलं, तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होतं. लिटरमागे तीस रुपयांहून जास्त फरक.

साहजिकच ज्याला त्याला डिझेल गाडी हवी होती. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया. या सगळ्या गाड्यांमध्ये एकच इंजिन होतं, ते म्हणजे फियाटचं १.३ लिटरचं मल्टीजेट. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट. इतक्या गाड्यांत ते बसलं की गाडीवेड्यांनी त्याला गमतीने भारताचं 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायला सुरुवात केली. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातही हे इंजिन तयार व्हायचं.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. पण आधी विकलेल्या गाड्या रस्त्यावर आहेतच. त्यातल्या बऱ्याच आता पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर आहेत.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे ती चालवायची तर तपासणी करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. काळा धूर ओकणारी गाडी या तपासणीत अडकते. म्हणून हा प्रश्न फक्त पिकअपचा नाही. गाडी आणखी पाच वर्षं घरात राहणार की भंगारात जाणार, हे त्यावर ठरू शकतं.

ईजीआर म्हणजे नेमकं काय?

ईजीआर म्हणजे एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन. सोप्या भाषेत, सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला काही भाग वळवून पुन्हा इंजिनच्या आत पाठवायचा.

आता कुणालाही वाटेल, जळून गेलेला धूर परत इंजिनात का घालायचा?

चुलीतले निखारे फार फुलले की त्यांच्यावर थोडी राख सारतात. राख जळत नाही, पण ती आली की आच उतरते. ईजीआर हेच काम करतं.

हवेत साधारण ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. एरवी हे दोन वायू एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पण सिलेंडरमधल्या ज्वाळेचं तापमान सुमारे १,५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते झपाट्याने एकत्र येतात आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. यालाच थोडक्यात 'नॉक्स' म्हणतात.

नॉक्समुळे श्वासनलिकेचा दाह होतो, दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढतो. उन्हात त्यातून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, हवेतले सूक्ष्म कणही वाढतात. शहरांवर दिसणाऱ्या धुरक्यात त्याचा मोठा वाटा असतो.

जळालेल्या धुरात ऑक्सिजन कमी असतो. त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बरीच उष्णता शोषून घेतात. त्यामुळे हा धूर ताज्या हवेत मिसळला की ज्वाळेचं तापमान उतरतं आणि नॉक्स कमी तयार होतो. अमेरिकेत १९७०च्या दशकात प्रदूषणाचे नियम कडक झाले तेव्हापासून ही युक्ती वापरली जाते.

धूर किती आणि कधी आत सोडायचा हे ठरवणारं दार म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह. जुन्या गाड्यांत ते व्हॅक्युमवर चालतं, नंतरच्या गाड्यांत छोट्या मोटरवर. त्याला हुकूम देतो गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू. काही डिझेल इंजिनांत भार कमी असताना सिलेंडरमध्ये जाणाऱ्या वायूंपैकी निम्म्यापर्यंत हा परतीचा धूर असतो. पूर्ण ताकद हवी असते तेव्हा, म्हणजे ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की दार बंद होतं आणि इंजिनला शुद्ध हवा मिळते.

अनेक डिझेल गाड्यांत मध्ये एक ईजीआर कूलरही असतो. धूर आत जाण्याआधी तो कूलंटच्या मदतीने त्याला थंड करतो.

मग ते तुंबतं का?

स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन आठवा. नुसता धूर असता तर पाती कोरड्या फडक्याने पुसता आली असती. पण फोडणीची तेलकट वाफ आणि धूर एकत्र येतात आणि पात्यांवर चिकट काळा थर बसतो.

ईजीआरमध्ये हेच होतं. एक्झॉस्टमधून येते काजळी. दुसरीकडून, इंजिनच्या खालच्या भागात तयार होणारी ऑइलची वाफ ब्रीदरच्या नळीतून इनटेकमध्ये येते. दोन्ही भेटतात आणि डांबरासारखा लगदा तयार होतो. गॅरेजवाले याला एकाच शब्दात 'कार्बन' म्हणतात.

हा कार्बन व्हॉल्व्हच्या दांडीवर आणि सीटवर बसतो, नळीत बसतो, पुढे इनटेक मॅनिफोल्डच्या आतही साचतो. वर्षानुवर्षं साफसफाई झाली नाही तर हवेचा रस्ता चांगलाच अरुंद होतो.

त्यात शहरातलं ड्रायव्हिंग भर घालतं. घर ते ऑफिस चार किलोमीटर, तेही ट्रॅफिकमध्ये. इंजिन नीट तापायच्या आत बंद. कमी आरपीएमवर ईजीआर जास्त वेळ उघडं राहतं आणि थंड इंजिनात काजळी जास्त तयार होते. म्हणूनच रोज पुणे-नाशिक करणाऱ्या गाडीपेक्षा पेठेत फिरणाऱ्या गाडीचं ईजीआर लवकर तुंबतं, मग तिचं रनिंग कमी का असेना.

'एक सांधताना तेरा तुटतात' म्हणतात ते इथे लागू पडतं. ईजीआर नॉक्स कमी करतं, पण ऑक्सिजन कमी झाल्याने काजळी वाढवतं. तीच काजळी पुढे ईजीआरलाच तुंबवते.

लक्षणं कशी ओळखायची?

व्हॉल्व्ह कुठल्या अवस्थेत अडकलाय, यावर लक्षणं बदलतात.

उघडा अडकला तर नको तेव्हाही धूर आत जात राहतो. इंजिनला हवा पुरत नाही. पिकअप जातं, काळा धूर वाढतो, आयडलिंगला इंजिन थरथरतं, ॲव्हरेज उतरतं. पेट्रोल गाडी तर सिग्नलला बंदच पडू शकते.

बंद अडकला तर डिझेल गाडीत चालवताना फारसं काही जाणवत नाही. नॉक्स वाढतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. चेक इंजिनचा दिवा मात्र लागू शकतो. पेट्रोल गाडीत भार पडल्यावर इंजिनमधून टकटक आवाज येऊ शकतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. काळा धूर आणि गेलेलं पिकअप ही लक्षणं इतर पाच-सहा बिघाडांचीही आहेत. एअर फिल्टर चोंदलाय, टर्बोचा होज फाटलाय, नोझल खराब आहे, हवा मोजणारा सेन्सर मळलाय, व्हॅक्युमची नळी चिरलीय. त्यामुळे आधी स्वस्तातल्या गोष्टी तपासायच्या. एअर फिल्टर काढून बघायला पाच मिनिटं लागतात.

त्यानंतर स्कॅनर. स्टिअरिंगच्या खाली असलेल्या ओबीडी पोर्टला तो लावला की ईसीयूने नोंदवलेले कोड दिसतात. मोबाइलला जोडता येणारे छोटे ब्लूटूथ स्कॅनरही मिळतात. ईजीआरशी संबंधित नेहमीचे कोड असे आहेत.

पी ०४०१ : ईजीआरचा प्रवाह कमी पडतोय. म्हणजे बहुतेक वेळा रस्ता तुंबलाय.

पी ०४०२ : प्रवाह गरजेपेक्षा जास्त आहे. म्हणजे व्हॉल्व्ह उघडा अडकला असू शकतो.

पी ०४०३ : वायरिंग किंवा विजेच्या जोडणीत गडबड.

पी ०४०४ : व्हॉल्व्ह सांगितलं तेवढा हलत नाही.

कोड म्हणजे निकाल नाही, तो फक्त कुठे बघायचं ते सांगतो. पी ०४०३ आला असेल तर व्हॉल्व्ह कितीही घासला तरी उपयोग नाही, आधी वायर आणि कनेक्टर बघावा लागेल. बऱ्याच स्कॅनरवर ईसीयूने व्हॉल्व्हला किती उघडायला सांगितलं आणि तो प्रत्यक्षात किती उघडला, हे आकडेही दिसतात. दोघांत मोठी तफावत असेल तर संशय पक्का होतो.

स्प्रे मारून काम भागतं का?

बाजारात तीन प्रकारचे उपाय मिळतात.

पहिला म्हणजे डिझेलच्या टाकीत टाकायचं लिक्विड. यात एक साधी अडचण आहे. डिझेल थेट सिलेंडरमध्ये मारलं जातं, ते ईजीआर व्हॉल्व्ह आणि इनटेकमधून जातच नाही. त्यामुळे तिथे बसलेला कार्बन या लिक्विडने धुतला जाणं शक्य नाही. नोझल साफ राहून पुढची काजळी थोडी कमी झाली तर तेवढाच फायदा.

दुसरा, चालू इंजिनच्या इनटेकमध्ये मारायचा स्प्रे. थर पातळ असेल तर याचा उपयोग होतो. पण डिझेल इंजिनात हे जपून करावं लागतं. स्प्रे स्वतःच ज्वलनशील असतो. तो जास्त गेला तर इंजिन त्यालाच इंधन समजून आपोआप रेस होऊ शकतं. पातळ द्रव सिलेंडरमध्ये साचला तर आतले भाग वाकू शकतात. म्हणून डिझेलसाठीच बनवलेला स्प्रे घ्यायचा, डब्यावर लिहिलंय तेवढाच आणि थांबून थांबून मारायचा. हवा मोजणाऱ्या सेन्सरवर आणि टर्बोवर तो जाऊ द्यायचा नाही.

तिसरा उपाय म्हणजे व्हॉल्व्ह काढून साफ करणं. थर जाड असेल तर याला पर्याय नाही.

व्हॉल्व्ह काढून साफ करताना काय काय करतात?

ज्यांना पाना-सॉकेटची सवय आहे आणि ज्यांच्या गाडीत व्हॉल्व्ह हाताला येतो, त्यांना हे घरी जमू शकतं. काही गाड्यांत तो इंजिनच्या मागे दडलेला असतो. तिथे मेकॅनिककडेच जावं. पण काम कसं होतं हे माहीत असलं की समोर उभं राहून बघता येतं आणि प्रश्न विचारता येतात.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं. एक्झॉस्टचा भाग असल्याने गरम असताना हात भाजतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. जागा मोकळ्या हवेची हवी, जवळ विडी-सिगारेट किंवा कुठलीही ज्योत नको. हातमोजे आणि चष्मा घालायचा.

२. नवीन गॅस्केट आधीच आणून ठेवायचं. जुनं पॅकिंग परत लावलं की तिथून धूर गळायला लागतो.

३. काही काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचे. कुठली नळी कुठे होती, कुठला बोल्ट लांब होता, हे नंतर आठवत नाही.

४. इलेक्ट्रिक कनेक्टर किंवा व्हॅक्युमची नळी हळूच काढायची. बोल्ट गंजलेले असतील तर आधी गंज सोडवणारं ऑइल मारून थांबायचं. जोर लावून बोल्ट ॲल्युमिनियममध्ये तुटला तर अर्ध्या दिवसाचं काम आठवड्यावर जातं.

५. कूलरला हात लावायचा असेल तर त्यातून कूलंटची लाइन जाते हे लक्षात ठेवायचं. कूलंट सांडलं तर नंतर ते भरून, आतली हवा काढावी लागते.

६. व्हॉल्व्ह बाहेर आला की तोंड खाली धरून क्लीनर मारायचा, म्हणजे घाण पाणी मोटरकडे न जाता बाहेर पडतं. मोटर आणि सेन्सर असलेला भाग कशातही बुडवायचा नाही. फक्त धातूचा भाग भिजवायचा. थोडा वेळ थांबून नायलॉनच्या ब्रशने घासायचं. जाड पापुद्रे लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढायचे. स्क्रू ड्रायव्हरने सीट खरवडली तर व्हॉल्व्ह कधीच नीट बंद होत नाही.

७. इलेक्ट्रिक व्हॉल्व्हची दांडी पक्कडीने ओढायची किंवा दाबायची नाही. आतले बारीक गिअर तुटतात.

८. व्हॉल्व्ह बसतो ती जागा आणि नळीही साफ करायची. नुसता व्हॉल्व्ह चकचकीत करून नळी तशीच ठेवली तर पी ०४०१ परत येतो. हे करताना कार्बनचे तुकडे इंजिनात पडू नयेत म्हणून पुढच्या तोंडात कापड कोंबायचं, तुकडे व्हॅक्युम क्लीनरने ओढून घ्यायचे. आणि शेवटी ते कापड आठवणीने काढायचं.

९. सगळं पूर्ण वाळू द्यायचं. नवीन गॅस्केट लावून बोल्ट समान कसायचे. कनेक्टर, बॅटरी जोडायची. स्कॅनरने जुना कोड पुसायचा. काही गाड्यांत व्हॉल्व्हची बंद आणि उघडी स्थिती ईसीयूला नव्याने शिकवावी लागते, त्याला सर्व्हिस स्कॅनर लागतो.

१०. पहिल्यांदा चालू केल्यावर थोडा वेळ धूर येऊ शकतो. राहिलेला क्लीनर जळत असतो. नंतर गाडी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून दिवा परत लागतो का ते बघायचं.

काय वापरू नये?

संडास साफ करायचं ॲसिड आणि ओव्हन साफ करायचं कॉस्टिक, दोन्ही ॲल्युमिनियम खातात. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर इंजिनच्या आत अजिबात मारायचा नाही. तो तापल्यावर फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो. कार्ब्युरेटर क्लीनर किंवा ईजीआरसाठीच मिळणारा क्लीनर वापरावा.

पत्रा मारला तर काय होतं?

ईजीआरच्या नळीत बोल्टच्या मापाचा पत्रा बसवायचा, म्हणजे धूर आत जाणंच बंद. याला 'ब्लँकिंग' म्हणतात. नव्या गाड्यांत सोबत ईसीयूचं सॉफ्टवेअरही बदलतात, म्हणजे दिवा लागत नाही.

गाडी खरोखर बरी पळायला लागते. काळा धूर कमी होतो, इनटेक स्वच्छ राहतो. म्हणूनच हा सल्ला इतका लोकप्रिय आहे.

आणि गाडी पीयूसीतही पास होते. कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा दाटपणा मोजतात. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात. नॉक्स या चाचणीत मोजलाच जात नाही. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी ईजीआर बसवलंय, तीच गोष्ट पीयूसी केंद्रावर कुणी तपासत नाही.

पण म्हणून ते कायदेशीर होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत परवानगीशिवाय बदल करता येत नाहीत. कलम १८२ए(४) नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी चालवली तर कलम १९०(२) लागतं. त्यात पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे.

नॉक्सचा प्रश्न किती गंभीर आहे, हे मोठ्या कंपन्यांच्या प्रकरणातूनही दिसलंय. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा घोटाळा बाहेर आला. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता नॉक्स कमी करणारं सॉफ्टवेअर त्यांच्या डिझेल गाड्यांत होतं. रस्त्यावर आल्यावर त्याच गाड्या कितीतरी जास्त नॉक्स सोडायच्या. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा प्रश्न होता. भारतातही ३ लाखांहून जास्त गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली.

पत्रा मारून घेणारा गाडीमालक लहान प्रमाणात तेच करत असतो.

कूलरकडे दुर्लक्ष नको

व्हॉल्व्ह साफ करताना कूलरही बघून घ्यावा. कूलंट कमी होतंय पण खाली कुठे गळती दिसत नाही, सोबत पांढरा धूर येतोय, असं असेल तर कूलर आतून फुटलेला असू शकतो.

२०१८ मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्या पेटण्याच्या अनेक घटना घडल्या. ईजीआर कूलरमधून गळलेलं कूलंट काजळीत मिसळून साचतं आणि गरम धुराने ते पेट घेऊ शकतं, असं कारण कंपनीने दिलं. तिथे एक लाखाहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तात्पर्य, कूलंट गायब होत असेल तर 'भरून बघू' म्हणत वेळ काढू नये.

साफ करूनही परत तुंबत असेल तर?

व्हॉल्व्ह दोन-चार महिन्यांत परत भरत असेल, तर दुखणं दुसरीकडे आहे. टर्बोच्या सीलमधून ऑइल येतंय का, ब्रीदर जास्त ऑइल फेकतोय का, नोझल थेंब थेंब सोडतंय का, हे तपासावं लागतं. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन कायम थंड राहतं आणि काजळी वाढते. ही गोष्ट बऱ्याचदा लक्षातच येत नाही.

आणि व्हॉल्व्हची मोटर जळाली असेल, स्प्रिंग तुटली असेल किंवा गिअर झिजले असतील, तर साफ करून भागत नाही. तो बदलावाच लागतो.

पुन्हा तुंबू नये म्हणून चार सवयी उपयोगी पडतात. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच वापरायचं आणि वेळेवर बदलायचं. एअर फिल्टर ओढूनताणून चालवायचा नाही. चहाच्या टपरीवर गाडी चालू ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. आणि अधूनमधून गाडी हायवेला अर्धा-पाऊण तास मोकळी पळवायची. हायवेच्या फेरीने आधीच बसलेला जाड थर निघत नाही, पण नवा थर बसण्याचा वेग कमी होतो.

गॅरेजमध्ये विचारायचे पाच प्रश्न

स्कॅनरवर कुठला कोड आला, तो दाखवाल का?

एअर फिल्टर, टर्बोचे होज आणि सेन्सर आधी बघितले का?

फक्त व्हॉल्व्ह साफ करणार की नळी आणि मॅनिफोल्डसुद्धा?

गॅस्केट नवीन टाकणार ना?

काम झाल्यावर कोड पुसून, गाडी फिरवून परत स्कॅन करून द्याल का?

चांगला मेकॅनिक या प्रश्नांना वैतागत नाही. उलट काढलेला व्हॉल्व्ह हातात देऊन कार्बन दाखवतो. आणि ज्याच्याकडे पाचही प्रश्नांना "पत्रा मारून टाकू" एवढंच उत्तर असेल, त्याच्याकडून गाडीची किल्ली परत घेतलेली बरी.